फिल्टरमध्ये काय भरावं? दोन फुटी टँकसाठी बायो मीडियाची निवड

माशांच्या टँकच्या फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणूंना बसायला जे भरतात तो बायो मीडिया. सिरॅमिक रिंग्ज हा त्यातलाच एक. या रिंग्जच्या पाकिटावर ‘एका लिटरला इतके शे चौरस मीटर पृष्ठभाग’ असं ठळक छापलेलं असतं. शेजारच्या पाकिटावर त्याच्या दुप्पट आकडा. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ला, नवा माणूस मोठ्या आकड्याचं पाकीट उचलतो आणि स्पंज मात्र मिळेल तो, स्वस्तातला घेतो. निवड नेमकी उलटी व्हायला हवी. त्या आकड्यात मीडियाच्या आतली डोळ्यांना न दिसणारी छिद्रंही धरलेली असतात. तिथवर पाणी पोचतं का, आणि तीन महिन्यांनी ती छिद्रं उघडी राहतात का, हे पाकीट सांगत नाही.

खालचे हिशेब मुंबईच्या फ्लॅटमध्ये सहज मावणाऱ्या २ × १ × १ फुटी टँकचे आहेत. काठोकाठ भरला तर त्यात ५६ लिटर पाणी मावतं. खाली वाळू आणि वर मोकळी जागा सोडली की हातात उरतं ४५ लिटर. तुमचा टँक मोठा असेल तर त्याच प्रमाणात आकडे वाढवा.

मीडिया नक्की काय करतो

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे (मुख्यतः नायट्रोस्पायरा) नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट थोडेसेही घातक असतात. नायट्रेट बरंच सहन होतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला बुळबुळीत थर धरून राहतात. मीडिया म्हणजे त्यांना बसायला दिलेली जागा, एवढंच.

पण नुसती जागा देऊन भागत नाही. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. २५ अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला जेमतेम ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि ३० अंशांना साडेसात. मे महिन्यात मुंबईत टँकचं पाणी ३० च्या वर सहज जातं. म्हणजे मासे आणि जिवाणू यांची भूक वाढलेली असते, तेव्हाच ऑक्सिजन घटलेला असतो. जिवाणूंचा थर जाड झाला की अतिसूक्ष्म छिद्रांची तोंडं तोच बुजवतो, आणि आतल्या शेकडो चौरस मीटरना ताजं पाणी मिळेनासं होतं.

किती मीडिया पुरतो

मत्स्यशेतीत वापरला जाणारा ढोबळ हिशेब असा: १ ग्रॅम खाद्यामागे साधारण ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो. चांगल्या ऑक्सिजनच्या पाण्यात एक चौरस मीटर उघडा पृष्ठभाग, अगदी हात राखून धरला तरी, दिवसाला १०० मिलिग्रॅम हाताळतो. म्हणजे रोज १ ग्रॅम खाद्याला सुमारे ०.३ चौरस मीटर पुरे. के-वन नावाची जी प्लास्टिकची छोटी चाकं मिळतात, त्यांचा आतला सुरक्षित पृष्ठभाग लिटरला अर्धा चौरस मीटर असतो. म्हणजे पाऊण लिटर के-वनमध्येही काम होऊन वर शिल्लक राहतं. आणि दहा-बारा गप्पी असलेल्या टँकमध्ये दिवसाला १ ग्रॅम खाद्य घालत असाल, तर आधी खाद्य कमी करा.

दोन फुटी टँकमध्ये मीडिया कमी पडल्यामुळे मासे मेले, असं क्वचितच होतं. मीडिया चोंदला, नळाखाली धुतला, पंप बंद राहिला किंवा फिल्टर तयार होण्याआधीच (त्यात पुरेसे जिवाणू वाढण्याआधीच) मासे सोडले, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं.

कोणता मीडिया कसा

स्पंज. गप्पी, मॉली, टेट्रा ठेवणाऱ्यानं फक्त स्पंज वापरला तरी चालतं. तो गाळ अडवतो आणि जिवाणूही वाढवतो. पिळला की पुन्हा मोकळा होतो, नीट वापरला तर काही वर्षं टिकतो. स्पंजची भोकं किती मोठी-बारीक हे पीपीआय (एका इंचात किती भोकं) या आकड्यात सांगतात: २० म्हणजे मोठी भोकं, ३० मध्यम, ४५ बारीक. जिवाणूंसाठी २० किंवा ३० चा घ्या. ४५ चा स्पंज पाणी आरशासारखं करतो, पण आठवड्याभरात तुंबतो आणि मग पाणी त्याच्या कडेनं वाट काढतं. गादीचा फोम कापून वापरू नका. त्याची बरीच भोकं पातळ पडद्यानं झाकलेली असतात, शिवाय त्यात आग-प्रतिबंधक रसायनं असू शकतात.

सिरॅमिक रिंग्ज. यांत दर्जाचा फरक फार. चांगली रिंग खडबडीत असते, पाण्याचा थेंब टाकला की तो लगेच आत ओढून घेते. स्वस्त पांढऱ्या रिंगवर थेंब तसाच बसून राहतो, म्हणजे वर गुळगुळीत काचेसारखा थर आहे. काही रिंग्ज इतक्या ठिसूळ असतात की सहा महिन्यांत खाली पांढरं पीठ जमतं. दुकानात दोन रिंग्ज एकमेकींवर घासून बघा, हाताला भुकटी लागली तर परत ठेवा. रिंगचा खरा फायदा तिच्या मधल्या भोकाचा: पाणी सगळीकडून खेळतं.

सिंटर्ड ग्लास. म्हणजे काचेची भुकटी तापवून चिकटवलेला सच्छिद्र मीडिया. आतली छिद्रं चांगली, पण किंमतही तशीच. पाणी आधी स्पंजमधून नीट गाळून येत असेल तरच परवडतो, नाहीतर दोन-तीन महिन्यांत तो महागडा खडा होतो. त्याच्या आत ऑक्सिजनविरहित भाग तयार होऊन नायट्रेटही नाहीसं होतं, असा दावा सर्रास असतो. तत्त्व खोटं नाही, पण वेगानं पाणी वाहणाऱ्या घरगुती फिल्टरमध्ये त्याच्या भरवशावर पाणी बदलायचं टाळू नका. नायट्रेटसाठी टॉप फिल्टरमध्ये (टँकच्या वर बसणाऱ्या फिल्टरमध्ये) मुळं सोडलेला मनी प्लांट जास्त कामाचा.

पमिस आणि लाव्हा रॉक. दोन्ही ज्वालामुखीचे दगड, सच्छिद्र आणि बऱ्यापैकी स्वस्त. पमिस हलका, आतली छिद्रं चांगली. लाव्हा जड, भोकं मोठी, कडा धारदार, म्हणून तो फिल्टरमध्येच ठेवा. घेण्याआधी दगडावर लिंबू पिळून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तो पीएच वाढवत राहणार. ‘सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, मग साइटवरची खडी का नको?’ असा विचार मनात येतो, पण ती खडी घट्ट असते, आत छिद्रं जवळजवळ नसतात. त्यापेक्षा जुन्या मंगलोरी कौलाचे किंवा साध्या मातीच्या कुंडीचे तुकडे बरे. रंग, चुना, सिमेंट लागलेलं नसावं. दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, दोन दिवस पाणी बदलत भिजवा, वापरा. फुकटातला हा मीडिया रिंग्जच्या तोडीस तोड चालतो. नर्सरीत मिळणाऱ्या भाजलेल्या मातीच्या गोळ्याही चालतात, फक्त सुरुवातीला त्या तरंगतात.

बायो बॉल्स (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) ज्या फिल्टरमध्ये वरून पाणी ठिबकतं आणि मधे हवा असते, तिथंच शोभतात. पाण्यात बुडवून ठेवले तर जागा अडते आणि पृष्ठभाग फारसा मिळत नाही. त्याच पैशांत भांडी घासायचे प्लास्टिकचे जाळीदार स्क्रबर घ्या. साबण लावलेले किंवा ‘जंतुनाशक’ लिहिलेले घेऊ नका.

के-वन हा हलत्या मीडियाचा प्रकार. हवेच्या बुडबुड्यांनी चाकं सतत फिरत राहतात, एकमेकांवर घासून स्वतःच स्वच्छ होतात, तुंबत नाहीत. डबा ५० ते ६० टक्केच भरायचा. पहिले काही आठवडे चाकं वर तरंगत राहतात, थर धरला की फिरायला लागतात. तोवर ‘माल खराब निघाला’ म्हणून फेकू नका. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, गोल्डफिश असे खादाड मासे असतील तर हा उत्तम. हॉलमध्येच झोपायचं असेल तर आवाजाचा विचार आधी करा.

फिल्टरच्या डब्यात आलेली कोळशाची पिशवी बायो मीडिया नाही. ती काढा आणि तिच्या जागी स्पंज भरा. झिओलाइटचे पांढरे खडे अमोनिया शोषतात, त्यामुळे जिवाणूंच्या तोंडचा घास जातो आणि फिल्टर कधीच नीट तयार होत नाही. त्यात आणखी धोका म्हणजे माशांना काही झालं की आपल्याकडे पहिला उपाय मिठाचा, आणि मिठाच्या पाण्यात झिओलाइट शोषलेला अमोनिया परत सोडतो. प्रवाळाचे तुकडे कुणी देऊ केले तर घेऊ नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत.

फिल्टरप्रमाणे भरणी

नियम एकच: आधी गाळ अडला पाहिजे, मग पाणी बायो मीडियाकडे गेलं पाहिजे.

एअर पंपावरचा स्पंज फिल्टर घेणार असाल तर एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या आणि दोन कोपऱ्यांत लावा. एकाआड एक धुता येतात. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलट पंपात येतं.

टॉप फिल्टर आपल्याकडे फार चालतो. त्याचा दोष असा की पाणी एकाच टोकाला पडतं आणि जवळच्या वाटेनं खाली निघून जातं, बाकीचा मीडिया नुसता ओला राहतो. पाणी पडतं तिथं भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी किंवा पाइप लावून ते सगळीकडे पसरवा. वर २० पीपीआयचा स्पंज, खाली जाळीच्या पिशवीत अर्धा लिटर रिंग्ज किंवा कौलाचे तुकडे.

मागे टांगायच्या फिल्टरमध्ये जागा कमी असते. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला बाहेरून स्पंज बसवा. आत आणखी एक स्पंज आणि उरलेल्या जागेत पमिस. बाहेरच्या स्पंजमुळे गप्पीची पिल्लंही वाचतात.

कॅनिस्टरमध्ये (टँकच्या बाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये) पाणी बहुतेक वेळा खालून वर जातं. आपल्या मॉडेलची दिशा बघा, मग सगळ्यात आधी पाणी लागणाऱ्या ट्रेमध्ये जाडा स्पंज, पुढच्यात बारीक आणि त्यापुढे बायो मीडिया. दोन फुटी टँकला मात्र कॅनिस्टरची गरज नसते.

प्रवाह तासाला टँकच्या चार ते सहा पट, म्हणजे ४५ लिटरला १८० ते २७० लिटर. डब्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. मीडिया भरून झाल्यावर बाहेर पडणारं पाणी १ लिटरच्या मापात धरा आणि सेकंद मोजा. ३६०० भागिले ते सेकंद, हा तुमचा खरा प्रवाह. १ लिटर भरायला १५ सेकंद लागले तर तासाला २४० लिटर. हा आकडा फिल्टरवर लिहून ठेवा. पुढं कधी धुवायचं ते यावरूनच कळणार आहे.

जिवाणू वाढवणं: मासे आणण्याआधीचे तीन ते पाच आठवडे

महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी अशा तलावांतून येतं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी. ते मऊ असतं आणि त्यात क्लोरीन असतं. क्लोरीनसाठी अँटी-क्लोरीन, बाटलीवरच्या मापानं. मऊपणाचा त्रास लगेच दिसत नाही, पण फिल्टर अर्ध्यात अडकतो तो त्यामुळेच. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा कठीण असतं आणि हा प्रश्न कमी येतो. म्हणून आधी पीएच आणि केएच (पीएच घसरू न देणारी पाण्यातली क्षारता) मोजा. अमोनिया आणि नायट्राइटसाठी थेंबांची किट घ्या, ती पट्ट्यांपेक्षा भरवशाची.

१. टँक भरा, अँटी-क्लोरीन घाला, मीडिया भरलेला फिल्टर सुरू करा. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) २४ तास चालू.

२. १० ग्रॅम लॅब ग्रेड अमोनियम क्लोराइड १ लिटर पाण्यात विरघळवा. बाटलीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. कल्हईचा नवसागर हाच पदार्थ असला तरी त्याच्या शुद्धतेची खात्री नसते, तो नको.

३. त्यातलं २८ मिलिलिटर टँकमध्ये घाला. ४५ लिटरला सुमारे २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया होतो.

४. दर दोन दिवसांनी अमोनिया मोजा. ०.५ च्या खाली आला की पुन्हा २८ मिलिलिटर. नायट्राइट ५ च्या वर गेलं तर डोस थांबवा आणि अर्धं पाणी बदला.

५. डोस दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं सलग दोनदा झालं की फिल्टर तयार. ७० टक्के पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी मासे आणा. उशीर होणार असेल तर डोस चालू ठेवा, जिवाणूंना उपाशी ठेवू नका.

अडचण चौथ्या पायरीवर येते. दोन आठवडे सगळं नीट चालतं आणि मग अमोनिया हलायचं नाव घेत नाही. कारण असं की १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवताना पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. २ पीपीएम अमोनियात नायट्रोजन १.६५ च्या आसपास, म्हणजे एका डोसमागे लिटरला जवळपास १२ मिलिग्रॅम क्षारता, केएचच्या मापात ०.६६. तुमच्या पाण्याचा केएच २ असेल तर तीन डोसांत तो संपला. मग पीएच ६ च्या आसपास कोसळतो आणि जिवाणू काम थांबवतात. उपाय स्वयंपाकघरात आहे: प्रत्येक डोसबरोबर १ ग्रॅम खाण्याचा सोडा. ४५ लिटरला तेवढ्यानं खर्च झालेली क्षारता भरून निघते. बेकिंग पावडर नव्हे, साधा सोडा.

मासे आल्यावर सोड्याचा असा सढळ वापर नको, त्यानं पीएच वर जातो. पीएच ७ आणि तापमान २८ असताना मोजलेल्या अमोनियातला शेकडा एकाहून कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच साडेसहाच्या आसपास जातो. त्यापेक्षा फिल्टरमध्ये धुतलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याची मूठभर पिशवी ठेवा. पीएच खाली येईल तसा तो हळूहळू विरघळत राहतो.

ओळखीत कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याचा वापरातला स्पंज किंवा मूठभर रिंग्ज मागून घ्या. पाच आठवड्यांचं काम एक-दोन आठवड्यांवर येतं. आणताना मीडिया पाण्यात बुडवून बंद करू नका, ऑक्सिजन संपतो. नुसता ओला ठेवून हवा भरलेल्या पिशवीत घाला, विरारहून दादरपर्यंत तो आरामात येतो. त्या टँकमध्ये नुकता रोग झालेला नसावा, आणि गोगलगायी सोबत येणार हे गृहीत धरा. बाटलीतल्या जिवाणूंचा अनुभव सारखा नसतो. दुकानात उन्हात महिनोन्महिने ठेवलेली बाटली तर घेऊच नका.

धुणं

तारखेवर नको, प्रवाहावर ठेवा. मोजून लिहिलेला प्रवाह एक-तृतीयांशानं घटला की धुवा. पाणी बदलताना काढलेलं टँकचं पाणी बादलीत घ्या आणि त्यात स्पंज चार-पाच वेळा पिळा. तो पुन्हा नवा दिसेपर्यंत पिळू नका, तपकिरी रंग राहिला तरी चालतो. रिंग्ज त्याच बादलीत पिशवीसकट हलवा. स्पंज आणि रिंग्ज एकाच दिवशी धुवू नका, मधे दोन आठवडे जाऊ द्या.

नळाखाली मीडिया धरला की क्लोरीन थराला लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन हवा गिळतात, आणि दोष पाण्याला दिला जातो. तसं झालंच तर खाद्य बंद करा, रोज ३० टक्के पाणी अँटी-क्लोरीन घालून बदला, हवा वाढवा. आठवडाभरात गाडी बहुधा रुळावर येते. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं तर त्या दिवशी पाणी बदलू नका. उन्हाळ्यात पाणीकपात असेल तर बदलायचं पाणी आधीच ड्रममध्ये भरून ठेवा.

औषधांचंही असंच. मिथिलीन ब्लू आणि अँटिबायोटिक या जिवाणूंनाही मारतात. आजारी मासा वेगळ्या बादलीत, वेगळ्या एअर स्टोनखाली ठेवून औषध द्या.

लाइट गेली तर

१२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून मुंबईभर वीज गेली होती. असं क्वचित होतं, पण सोसायटीची वायर जळणं किंवा मीटर रूममध्ये पाणी शिरणं दर पावसाळ्यात कुठं ना कुठं घडतंच. बंद कॅनिस्टरमधले जिवाणू आतला ऑक्सिजन काही तासांत संपवतात, मग ते मरून आतलं पाणी सडतं. तीन-चार तासांहून जास्त वेळ वीज नसेल तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. उघडा, आतलं पाणी मोरीत ओता, मीडिया टँकच्या पाण्यात खळबळून घ्या, मग लावा. वीज लवकर येणार नाही असं वाटलं तर मीडियाच्या पिशव्या काढून सरळ टँकमध्ये लटकवा. स्पंज फिल्टरवाल्यांनी बॅटरीचा एअर पंप जोडला की झालं. त्या काळात माशांना खायला घालू नका.

मीडिया कधी बदलायचा

‘दर सहा महिन्यांनी बदला’ हे पाकिटावर लिहिलेलं असतं ते विक्रीसाठी. रिंग जोवर फुटत नाही, स्पंज पिळल्यावर जोवर फुगून परत येतो, तोवर ठेवा. बदलावाच लागला तर नवा मीडिया जुन्याच्या शेजारी चार ते सहा आठवडे ठेवून मगच जुना काढा, आणि तोही एका वेळी अर्धाच. नव्या मीडियाला जागा नसेल तर त्याची पिशवी टँकमध्ये, फिल्टरचं पाणी पडतं तिथं टांगा.